दुकानदाराची वही आणि तिऱ्हाइताची नजर

सुरतेस अडाजण भागात माझ्या मावसबहिणीचे घर आहे. आमच्याप्रमाणेच चार पिढ्या गुजरातेत मुरलेली ती मंडळी; घरात मराठी, बाजारात गुजराती आणि नातवंडांच्या तोंडी दोहोंची खिचडी. गेल्या दिवाळीच्या तोंडावर तेथे मुक्कामास असताना एक प्रसंग घडला. तो घरगुती आहे. परंतु त्यातून निघणारा प्रश्न घरोघरचा असल्यामुळे ताईच्या संमतीने येथे मांडतो.

ताईच्या हाताला छातीत एक गाठ लागली होती. घरात तिने अक्षरही काढले नाही. रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर घरच्या लॅपटॉपवर तिने या विषयाची दोन-तीन संकेतस्थळे चाळली, एका ठिकाणी तपासणीचा खर्च पाहिला आणि नातवाने शिकविल्याप्रमाणे पाहिलेल्या पानांची यादी, म्हणजे ‘हिस्टरी’, पुसून टाकली. दोन दिवसांनी सूनबाई त्याच लॅपटॉपवर रांगोळीचे नमुने पाहू लागल्या, तो कडेला स्तनांच्या तपासणीची जाहिरात. पान बदलले, तरी तीच. संध्याकाळी नातू क्रिकेटच्या बातम्या वाचत होता, तेथेही तीच. सूनबाई हुशार, त्यांनी सासूबाईंना बाजूला घेऊन विचारले आणि सारे उघड झाले.

गाठ पुढे निरुपद्रवी निघाली, हे सुदैव. पण ताईचा राग काही उतरला नाही. “मी सांगणारच होते रे,” ती मला म्हणाली, “पण भाऊबीज झाल्यावर. सण तरी पोरांचा सुखाने जाऊ दे म्हटलं. हे माझ्याआधी सांगणारे कोण?”

या ‘कोण’चे उत्तर शोधू गेल्यास आपण ‘कुकी’ नामक वस्तूपाशी येतो. नाव बिस्किटाचे असले तरी वस्तू म्हणजे अक्षर-अंकांची एक छोटी चिठ्ठी. संकेतस्थळ ती आपल्या यंत्रातील ब्राउझरच्या हाती देते आणि पुढच्या भेटीत ब्राउझर ती निमूटपणे परत दाखवितो. १९९४ साली नेटस्केप या अमेरिकन कंपनीतील लू माँटुली या तरुणाने ही युक्ती काढली. त्यापूर्वी संकेतस्थळास स्मरणच नव्हते. एका पानावरून दुसऱ्यावर गेलेले गिऱ्हाईक त्यास नवखेच वाटे. पिशवीत टाकलेला माल पुढच्या पानावर पिशवीतच राहावा, एवढाच मूळ हेतू होता.

या हेतूत गैर काही नाही. सुरतेच्या रिंग रोडवरील साडीच्या व्यापाऱ्यास तुमच्या घरची आवड ठाऊक असते. गेल्या लग्नात कोणत्या रंगाचे पातळ नेले, उधारी किती राहिली, हे त्याच्या वहीत असते. त्याचा आपल्याला राग येत नाही, उलट आपलेपणा वाटतो. कारण ती वही त्याच्या गादीखाली राहते. तो ती घेऊन तुमच्या डॉक्टरकडे, नातवाच्या शाळेत किंवा शेजारणीच्या ओट्यावर जात नाही. संकेतस्थळाची स्वतःची कुकी ही अशी दुकानदाराची वही होय.

खोडी आहे ती दुसऱ्या प्रकारात. आपण एक पान उघडले असे समजतो. प्रत्यक्षात त्या पानाचे तुकडे अनेक ठिकाणांहून येतात. जाहिरातीचा तुकडा जाहिरात कंपनीकडून येतो आणि येताना तीही आपली चिठ्ठी ब्राउझरच्या हाती देते. त्याच कंपनीचे तुकडे हजारो संकेतस्थळांवर असतात. म्हणजे बाजारातल्या प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकच तिऱ्हाईत बसला आहे, आणि तुम्ही कोठे शिरलात, काय हाताळलेत, हे तो टिपून ठेवतो. त्याला तुमचे नाव ठाऊक असेलच असे नाही. त्याला ठाऊक असतो तो चिठ्ठीवरील क्रमांक. आणि क्रमांक ब्राउझरचा असल्याने, एकाच लॅपटॉपवर बसणारी सासू, सून आणि नातू त्याच्या हिशेबी एकच माणूस! ताईची चिंता सूनबाईंच्या रांगोळीशेजारी उभी राहिली ती अशी. पानांची यादी पुसली तरी चिठ्ठ्या निराळ्या ठेवलेल्या असतात. त्या तिने पुसल्या नव्हत्या, कारण त्या आहेत हेच तिला कोणी सांगितले नव्हते.

सुरत म्हटले की मराठी माणसास १६६४ चा जानेवारी आठवतो. वीरजी व्होरासारख्या धनिकांची घरे महाराजांच्या सैन्याने नेमकी हेरली. शहराची खडान्‌खडा माहिती बहिर्जी नाईकांनी आधी आणली होती, असे आपली परंपरा सांगते. माहिती आधी, मोहीम मागून, हा राजकारणाचा जुना नियम आहे. फरक इतकाच की तेव्हा हेरास वेष पालटून, जीव मुठीत धरून शहरात शिरावे लागे. आज ‘स्वीकारा’ या बटणावर बोट ठेवून दार आपणच उघडतो.

हे अटळ होते काय? मुळीच नाही. १९९७ साली इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या तज्ज्ञांनी कुकीविषयी पहिली संहिता प्रसिद्ध केली. तीत तिऱ्हाइताच्या कुकीस मुभा देऊ नये, निदान आपण होऊन चालू ठेवू नये, असे स्पष्ट म्हटले होते. त्या वेळच्या प्रमुख ब्राउझरांनी ते मानले नाही, आणि त्या दुर्लक्षावर जाहिरातीचा अवाढव्य धंदा उभा राहिला. पुढे सफारीने २०२० पासून अशा कुकी आपण होऊन अडविल्या. फायरफॉक्सनेही २०१९ व २०२२ साली त्या दिशेने पावले टाकली. गूगलने क्रोममधून त्या दोन वर्षांत काढून टाकू, असे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, मुदती वाढविल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडला. ज्याचे मुख्य उत्पन्न जाहिरातीचे, त्याच्याच हाती दाराची किल्ली असल्यावर दुसरे काय व्हावयाचे?

युरोपात कायद्याने संमतीची सक्ती केली. परंतु ‘स्वीकारा’ एका टिचकीत आणि ‘नको’ म्हणण्यास मात्र चार पाने, अशी चलाखी निघाली. त्याबद्दल फ्रान्सच्या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीविषयक मुख्य तरतुदींच्या अंमलास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्यातील दोन गोष्टी आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, ही एक. आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषेत वाचण्याची सोय मिळाली पाहिजे, ही दुसरी. त्या परिशिष्टात मराठी आहे, गुजरातीही आहे. न समजणाऱ्या भाषेत घेतलेल्या होकाराला होकार म्हणणे ही थट्टाच होय.

जाहिरातीवर वृत्तपत्रे चालतात, फुकट मिळणारी संकेतस्थळेही चालतात, हे मला मान्य आहे. पण रांगोळीच्या पानावर रंगांची जाहिरात दाखविण्यासाठी वाचकाच्या मागे घरापर्यंत जाण्याचे कारण नाही. पान कोणत्या विषयाचे आहे, एवढे कळले की पुरे.

तोवर आपण काय करावे? ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तिऱ्हाइताच्या कुकी, म्हणजे ‘थर्ड पार्टी कुकीज’, अडविण्याची सोय असते. ती चालू करावी. यादी पुसताना कुकी पुसण्याचाही चौकोन निवडावा. मग काही ठिकाणी पासवर्ड पुन्हा घालावा लागेल, एवढाच त्रास. दुखण्याखुपण्याचे काही वाचावयाचे असल्यास खासगी खिडकी उघडावी आणि काम होताच बंद करावी, म्हणजे तिच्यातील चिठ्ठ्या तिच्याबरोबर जातात. घरात एकच यंत्र असेल तर प्रत्येकाचे खाते वेगळे करावे. एवढ्याने सारे भागेल असे नाही. यंत्राच्या ठेवणीवरून माणूस ओळखण्याच्या युक्त्या आहेत, आणि मोबाइलमधील ॲपचा कारभार तर निराळाच. तरी कडीकोयंडा चोरास पुरता रोखत नाही म्हणून कोणी दार सताड टाकून निजत नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नातवाने हे सारे ताईच्या देखत करून दिले. तिने प्रत्येक पायरी हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानावर मराठीत लिहून घेतली, आणि मग सूनबाईंना हाक मारून म्हणाली, “आता तुझं खातं तूच कर. मी बघणार नाही.”