पानवलला दुसरा पूल हवा का?

रत्नागिरी सोडून गाडी निवसरकडे निघाली की पानवल नदीचा पूल लागतो. लांबी ४२४ मीटर, उंची ६४ मीटर. दरीच्या एका काठावर काँक्रीटचे भाग ओतायचे आणि खांबांवरून पुढे ढकलत न्यायचे, अशा पद्धतीने तो उभा राहिला. त्यावर रूळ मात्र एकच आहे. कोकण रेल्वेच्या दुहेरीकरणाचा सगळा पेच या पुलावर दिसतो.

दुहेरीकरणाची मागणी रास्त आहे. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण रत्नागिरीकर अजून क्रॉसिंगची वाट पाहत बसतो. गणपतीत जादा गाड्या सुटल्या की एकीचा उशीर सगळ्यांच्या वाट्याला येतो. चाकरमान्याचे ते तास कोणी भरून देत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दुसरा रूळ म्हणजे पानवलसारख्या दऱ्यांवर दुसरे पूल आणि ६.५ किलोमीटरच्या करबुडे बोगद्याशेजारी दुसरा बोगदा. त्यासाठी डोंगर पुन्हा कापावे लागतील. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये आंबवलीजवळ रुळावर आलेल्या दगडांनी प्रवाशांचे बळी घेतले. प्रत्येक नवी कापणी दर पावसाळ्यात राखावी लागते.

मार्ग बांधतानाच दोन रुळांची सोय का केली नाही, असे विचारले जाते आणि तमिळनाडूतील पांबनचे उदाहरण दिले जाते. तिथल्या १९१४ च्या पोलादी रेल्वे पुलाच्या जागी २०२५ मध्ये नवा पूल आला. त्यावर आज एकच रूळ असला तरी पाया दोन रुळांचा आहे. पण नव्वदच्या दशकात कर्ज काढून मार्ग उभारताना तेवढा हट्ट धरला असता, तर १९९८ मध्ये गाडी मंगळूरपर्यंत पोहोचली असती का, हाही विचार करायला हवा.

म्हणून आमचे मत असे: सपाट टप्प्यांचे दुहेरीकरण आणि जादा क्रॉसिंग स्थानके आधी, दरडींचा बंदोबस्त त्यांच्याबरोबरीने, आणि पानवल, करबुडे शेवटी. त्यांचे सर्वेक्षण आणि जागेची आखणी मात्र आजच व्हावी. कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली, ती निधीच्या आशेने. तो निधी आला तर त्यातला पहिला रुपया डोंगर सावरण्यावर खर्च व्हावा. गाडी उशिरा आली तर चिडता येते. ती घरी पोहोचलीच नाही, तर चिडण्यापुरतेही काही उरत नाही.