नुसता डिप्लोमा?



बारावीचे निकाल लागले की वादी कबीरमधल्या आपल्या घराघरांतून एकच प्रश्न फिरतो : "कॉम्प्युटरला कुठे मिळाली?" ह्यातल्या 'कुठे'मध्ये चार वर्षांची पदवी गृहीतच धरलेली असते. सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला, तेव्हापासून 'एआय' आणि 'सायबर' हे शब्दही ह्या गप्पांत आले. पण एखादी मुलगी म्हणाली की मला दोन वर्षांचा, प्रत्यक्ष काम शिकवणारा अभ्यासक्रम करायचा आहे, तर आईवडिलांचे चेहरे पाहावेत!

मुळात हे काम असते तरी काय? फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच शहरातल्या बँक मस्कतच्या प्रीपेड कार्डांवर दरोडा पडला. कार्डांचे व्यवहार सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीच्या संगणकांत शिरून चोरांनी पैसे काढण्याची मर्यादाच उठवली. मग २४ देशांतल्या एटीएममधून सुमारे १० तासांत ४ कोटी डॉलर गेले. खाती अवघी १२, व्यवहार ३६ हजार! ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी रुपये साधारण अशाच वाटेने गेले. बारा खात्यांवर हजारो व्यवहार होताहेत हे ओळखायला डॉक्टरेट लागत नाही (ती पदरी असल्याने हे सांगायचा मला अधिकार आहे). लागतो तो रात्रपाळीला नोंदी वाचणारा, नेटवर्क कळणारा आणि शंका आली की वरिष्ठांना झोपेतून उठवायला न कचरणारा माणूस. आता पहिली चाळणी एआय लावते हे खरे. पण 'सगळे ठीक आहे' असे यंत्राने सांगितल्यावर ते तपासायचे कोणी?

अशी माणसे दोन वर्षांत घडवता येतात. अमेरिकेत ॲरिझोनातल्या मॅरिकोपा कम्युनिटी कॉलेजांनी २०२० मध्ये इंटेलच्या मदतीने एआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडेही यूजीसीने २०१३-१४ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली होती. योजना येतात, प्रतिष्ठा काही येत नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या व्यवसाय शिक्षणाचे नावच पूर्वी 'किमान कौशल्यावर आधारित' होते! नावातच कमीपणा असेल तर तिकडे कोण वळणार? हाताने काम करणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवण्याची आपली जुनी सवय कीबोर्डवरच्या हातांनाही सोडत नाही. तिचे मूळ जातीत आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. शिवाय चार वर्षांचे शुल्क न परवडणारी मुले मग सहा महिन्यांत 'एआय तज्ज्ञ' करून देणाऱ्या क्लासांच्या हाती सापडतात, ते वेगळेच.

ओमानीकरणामुळे इथल्या सुरुवातीच्या नोकऱ्या ओमानी तरुणांना मिळणार, आणि ते योग्यच आहे. पण आपल्यापैकी अनेकजण कंपन्यांत आणि बँकांत माणसे निवडण्याच्या जागी बसले आहेत; काहींच्या हाताखालचे गट पुण्यात किंवा नाशिकला काम करतात. जाहिरातीच्या मसुद्यात 'बी.ई. आवश्यक' हे शब्द तेच घालतात, बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या मसुद्यावरून उतरवून. पुढच्या वेळी ती ओळ खोडावी, आणि उमेदवाराला दिवसभराच्या नोंदींची एक फाईल देऊन विचारावे : ह्यात काय बिघडले आहे?