लातूरला विमान हवे की नांदेडपर्यंत रूळ?

नांदेड आणि लातूर या दोन विमानतळांमधले अंतर सरळ रेषेत मोजले तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. एटीआरसारख्या छोट्या विमानाला एवढे अंतर कापायला अर्धा तासही लागू नये. म्हणूनच ‘नांदेडहून विमान उडते, मग लातूरहून का नाही?’ हा प्रश्न दर निवडणुकीत जोर धरतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर रुळांवर शोधायला हवे, असे माझे ठाम मत आहे. लातूरचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला, नांदेडच्या उलट बाजूला आहे. अहमदपूरच्या प्रवाशाला तर दोन्ही विमानतळ जवळपास सारखेच लांब पडतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांदरम्यान पावणेतीन किलोमीटरसाठीही नियमित विमान जाते, कारण मध्ये समुद्र आहे. आपल्याकडे मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे आणि चौपदरी महामार्ग आहे.

नुसती धावपट्टी असली म्हणून विमान येत नाही, हे मराठवाड्याने पुरेसे अनुभवले आहे. राज्य सरकारने 2009 मध्ये नांदेड, लातूरसह पाच विमानतळ खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिले. तरी लातूरची धावपट्टी वर्षानुवर्षे प्रवासी विमानाविनाच राहिली. नांदेडची गोष्ट याहून बरी, पण तीही डळमळीतच. एप्रिल 2017 मध्ये ‘उडान’ या केंद्राच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेतल्या पहिल्या विमानांत नांदेड–हैदराबादचा समावेश होता. 2022 मध्ये ही सेवा देणारी कंपनीच बंद पडली आणि 2024 मध्ये दुसरी कंपनी येईपर्यंत नांदेडकरांना विमानासाठी हैदराबाद गाठावे लागले. ‘उडान’मधली सरकारी भरपाई ठरावीक मुदतीपुरतीच असते, पुढे विमान टिकते ते भरलेल्या आसनांवर. दोन जिल्ह्यांचे प्रवासी दोन ठिकाणी विभागले, तर दोन्हीकडची आसने रिकामी जातील आणि नांदेडला आहे तेही हातचे जाईल.

लातूरकर म्हणतील, शिक्षणासाठी राज्यभरातून मुले येतात, रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला, मग आम्हीच दुसऱ्याच्या दारात का जायचे? या शहराचे वजन कोणी नाकारत नाही. पण शिकवणीसाठी येणारी मुले आणि त्यांचे आईबाप एसटीने आणि रेल्वेने येतात. आणि ज्या शहरात रेल्वेचे डबे बांधायचे, तिथून नांदेडला जाणारी गाडी परळी, परभणी, पूर्णा असा मोठा वळसा घेते, ही खरी अन्यायाची गोष्ट आहे. लातूर रोड स्थानकावरून अहमदपूर, लोहामार्गे नांदेडपर्यंत थेट रूळ टाकले, तर नांदेडचा विमानतळ लातूरचाही होईल आणि ज्याला आयुष्यात विमानात बसायचे नाही त्याचीही सोय होईल.

लातूरची धावपट्टी मात्र ओस पडू देता कामा नये. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या जिल्ह्यात मदतीची विमाने आणि हवाई रुग्णवाहिका रात्रीही उतरू शकल्या पाहिजेत. रेल्वेला वर्षे लागतील, हा आक्षेप खराच आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाची रखडगाथा समोर आहे. पण तोवर विमानांच्या वेळा धरून लातूर–नांदेड विमानतळ अशी थेट एसटी सोडायला भूसंपादन लागत नाही. महामंडळाने ती याच हंगामात सुरू करावी आणि दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी रेल्वेमार्गाची मागणी एकत्र लावून धरावी.