कपाट स्वतःच्या पायांवर उभे राहावे

खणांचे कपाट पडते ते एका साध्या कारणाने. खण बाहेर ओढला की भार पुढे सरकतो. दोन-तीन खण एकदम उघडे असले, ते कपड्यांनी भरलेले असले आणि त्यांच्या पायऱ्या करून दोन-तीन वर्षांचे मूल वर चढू लागले, की अख्खे कपाट त्याच्या अंगावर येते. खाली दबलेल्या मुलाची छाती आवळली जाते, त्याला ओरडताही येत नाही. म्हणून शेजारच्या खोलीत असलेल्या आईलाही अनेकदा काही ऐकू येत नाही.

हा धोका अमेरिकेतल्या उत्पादकांना ठाऊक होता. २००० साली तिथे अशा कपाटांसाठी एक मानक तयार झाले. पण ते ऐच्छिक होते, आणि त्याची कसोटी बाळबोध होती. टणक सपाट फरशीवर रिकामे कपाट ठेवायचे, एकच खण उघडायचा आणि त्यावर सुमारे २३ किलोचे वजन टांगायचे. कपाट पडले नाही की ते सुरक्षित. खरे घर असे नसते. तिथे खाली गालिचा असतो, खण भरलेले असतात, एकाहून अधिक उघडे असतात. आणि मूल टांगलेल्या वजनासारखे स्वस्थ राहत नाही. चढताना ते बाहेरच्या बाजूला झुकते, हिसके देते. त्यामुळे पडणारा जोर त्याच्या वजनाहून जास्त असतो.

उरलेली जबाबदारी आईवडिलांच्या गळ्यात पडली. कपाटासोबत पट्टी आणि स्क्रू येत. ते भिंतीत ठोकून कपाट बांधून घ्यायचे, एवढाच उपाय. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडू देत नाहीत, प्रत्येक भिंत स्क्रू धरत नाही, आणि धोका एवढा मोठा आहे हे बहुतेकांना कुणी सांगितलेलेच नसते. आयकिया कंपनीच्या कपाटांखाली मुले दगावल्यावर २०१५ मध्ये तिने अशाच पट्ट्या फुकट वाटल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये आणखी एक बाळ गेले. त्यानंतर, जून २०१६ मध्ये, एकट्या अमेरिकेतली सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे माघारी बोलावण्यात आली. चीनमध्ये मात्र, आमचा माल इथल्या मानकांत बसतो, असे सांगून कंपनीने आधी नकार दिला. तिथल्या गुणवत्ता यंत्रणेने दबाव आणल्यावर जुलैमध्ये सुमारे १६ लाख ६० हजार कपाटे परत घेण्याचे तिने मान्य केले. कपाट तेच, चढणारे मूलही तसेच. फरक पडला तो सरकार विचारायला उभे राहिले की नाही, यामुळे.

मुले गमावलेले आईवडील एकत्र आले, वर्षानुवर्षे वॉशिंग्टनच्या फेऱ्या मारत राहिले आणि डिसेंबर २०२२ मध्ये ‘स्टर्डी’ कायदा झाला. १ सप्टेंबर २०२३ पासून अमेरिकेत ६९ सेंटिमीटर आणि त्याहून उंच अशा कपड्यांच्या कपाटांना नवी कसोटी सक्तीची झाली. त्यात भरलेले खण, गालिच्यामुळे येणारा कल, सुमारे २७ किलोच्या मुलाचा भार आणि चढतानाचा हिसका या साऱ्यांचा विचार आहे. तळ रुंद करणे, मागच्या बाजूला वजन वाढवणे, एका वेळी एकच खण उघडेल अशी कळ बसवणे हे उपाय कारखान्याला आधीही अवघड नव्हते.

घरात काय ठेवायचे हे सरकारने सांगू नये, असा आक्षेप अशा कायद्यांवर घेतला जातो. पण हा नियम घराला लागू होत नाही, विकणाऱ्याला लागू होतो. दुकानात उभ्या असलेल्या रिकाम्या कपाटाकडे पाहून ते भरल्यावर कसे वागेल हे कोणत्याही गिऱ्हाइकाला कळणार नाही. जे पारखता येत नाही, त्याची निवड करण्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच. ‘आईवडिलांनी लक्ष ठेवावे’ हे म्हणणे तर निर्दय आहे. ही मुले अनेकदा दुपारी झोपवून ठेवलेली असतात. जाग येताच ती आवाज न करता उठतात आणि जवळच्या कपाटावर चढतात. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसणे कुणालाही शक्य नाही.

आपल्याकडे मिस्त्रीने जागेवर बनवलेले कपाट बहुधा भिंतीलाच ठोकलेले असते. आता मात्र पुण्या-मुंबईच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये खोक्यातून आलेले, घरी जोडायचे, हलक्या लाकडी बोर्डाचे सुटे कपाट सर्रास दिसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग विभागाने फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. साठवणुकीच्या फर्निचरसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७६३४ हे २०२२ चे मानकही आहे. हे पाऊल योग्य आहे. पण शिक्का बसला म्हणजे काम संपले असे समजू नये. कसोटी मुलाच्या चढण्याची असली पाहिजे: खण भरलेले, एकाहून अधिक उघडे, आणि कपाटाला भिंतीचा आधार नाही. छोट्या कारखानदारांना मुदत आणि जवळपास चाचणीची सोय जरूर द्यावी. सूट देऊ नये.

दुसरी गोष्ट नोंदीची. अमेरिकेत सुमारे शंभर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून कोणत्या वस्तूने कोण जखमी झाले याची माहिती ग्राहक सुरक्षा आयोगाकडे जाते. आपल्याकडे असा मृत्यू ‘घरगुती अपघात’ म्हणून कागदावर येतो आणि कपाटाचे नाव कुठेच राहत नाही. धोकादायक माल माघारी बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिला आहे. रुग्णालयांतून माहितीच आली नाही, तर तो अधिकार वापरायचा कशावर? राज्याच्या आरोग्य खात्याने सरकारी रुग्णालयांपासून ही नोंद सुरू करावी.

ऐच्छिक मानकापासून सक्तीच्या नियमापर्यंत यायला अमेरिकेला तेवीस वर्षे लागली. तेवढी वाट पाहण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. चूक कुठे होती हे तिथल्या आईवडिलांनी मुले गमावून जगाला दाखवून दिले आहे.