नावाचा हप्ता

सीईटीचा निकाल लागून कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या सुरू झाल्या की नागपूरच्या महाल भागातल्या बऱ्याच घरांत जेवणाच्या वेळी एकच विषय असतो. मुलीला नागपुरातल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात कॅपमधून जागा लागलेली असते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्ग असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर जुलै २०२४च्या शासन निर्णयामुळे तिचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. त्याच आठवड्यात पुण्याच्या किंवा त्याहून लांबच्या एखाद्या नामांकित खाजगी विद्यापीठाचं गुळगुळीत कागदावरचं पत्र येऊन पडतं. तिथला चार वर्षांचा खर्च वीस लाखांच्या घरात जातो, आणि शासनाच्या माफीतून खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. मग कोणी म्हणतं, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, पैशाकडे काय पाहायचं. माझ्या मते पैशाकडेच आधी पाहावं, कारण तिच्या पुढच्या आयुष्याचा बराचसा भाग त्या पैशातच अडकणार आहे.

हिशेब करून पाहू. दरवर्षी पाच लाख, असे चार वर्षांत वीस लाख कर्ज, व्याज दहा टक्के. शिक्षण संपून आणखी एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतच असतं. सरळ व्याज धरलं तरी परतफेड सुरू होते त्या दिवशी विसाचे सत्तावीस लाख झालेले असतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिना साधारण पस्तीस हजार सातशेचा हप्ता, म्हणजे एकूण बेचाळीस लाखांच्या वर. नागपूरच्या मिहानमध्ये असोत की पुण्याच्या हिंजवडीत, मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नवख्यांचा पगार गेली कित्येक वर्षं वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळतो आहे. महिन्याचा पगार हप्त्यापेक्षा कमी! त्यात साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि महालात तर तारणाचं दुखणं वेगळंच. वाडा पणजोबांचा, आखीव पत्रिकेवर नावं डझनभर, त्यातले दोघे वारलेले, एक इंदूरला, वाटणी कधी झालेलीच नाही. असं घर बँक गहाण घेत नाही. मग काकांचा मानेवाड्याकडचा प्लॉट किंवा आईचे दागिने पुढे येतात आणि एका मुलीच्या पदवीत सगळं खानदान जामीन राहतं. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारणाशिवाय आणि जामिनाशिवाय कर्ज मिळतं, हे खरं. पण त्यात गहाण टळलं तरी हप्ता टळत नाही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तीन टक्के व्याजाची सवलत आहे, तीही दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर आणि हप्ते सुरू होईपर्यंतच.

एवढं देऊन मिळतं काय? याचा सगळ्यात नेटका शोध अमेरिकेत घेतला गेला. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांनी निवडलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. त्यांतले काही मोठ्या नावाच्या ठिकाणी गेले, काही साध्या ठिकाणी. पुढे दोघांच्या कमाईत फारसा फरक दिसला नाही. मोठ्या संस्थांतले पदवीधर जास्त कमावतात ते मुळात ती मुलं हुशार आणि धडपडी असतात म्हणून, असा त्याचा अर्थ. यावर आक्षेप घेणाऱ्यांच्या हातात २०२३चा राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे, आणि तो टाळून चालणार नाही. त्यांनाही सरासरी कमाईत विशेष वाढ दिसली नाही. मात्र उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या एका टक्क्यात पोचण्याची शक्यता जवळपास दीडपट झाली, नामवंत कंपन्यांत शिरकाव होण्याची तर तिप्पट. म्हणजे मोठं नाव हे लॉटरीचं तिकीट आहे. तिकिटाची किंमत सगळ्यांनी भरायची, बक्षीस थोड्यांना. घरात साठलेला पैसा असेल त्यांनी ते खुशाल काढावं. कर्ज काढून तिकीट घेणाऱ्याला मात्र हरण्याची मुभा नसते. हप्त्याच्या भीतीने तो हाताला लागेल ती पहिली नोकरी धरतो, आणि ज्या धाडसासाठी ते नाव विकत घेतलं तेच त्याला परवडेनासं होतं.

डेल आणि क्रूगर यांना नंतरच्या अभ्यासात अपवादही सापडला, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांना, तसंच कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थ्यांना मोठ्या संस्थेचा ठोस फायदा झाला. ज्या घरात ओळखीपाळखी नाहीत, कोणत्या कंपनीत कोणाला विचारावं हे सांगणारा मामा नाही, तिथे संस्थाच मामा होते. थोडक्यात, नावाचा उपयोग ज्यांना सर्वाधिक, त्यांनाच ते विकत घेणं अशक्य. आणि बँक ज्यांना सहज दारात उभं करते त्या मास्तर-कारकून-दुकानदार घरांना त्याचा उपयोग बेताचा. पहिल्या पिढीतल्या मुलाने मोठं नाव जरूर गाठावं, पण शिष्यवृत्तीवर. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही अशीच एक वाट आहे. जागा मात्र ७५, सगळ्या महाराष्ट्रात मिळून.

राहिला स्थानिक महाविद्यालयांच्या दर्जाचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी असलेल्या विभागातली फुकट जागा महागच पडते. आपल्याकडे कंपन्या ठरावीक कॅम्पसवरच येतात, हेही खरं. पण मग किंमत आणि दर्जा एकच आहेत असं धरून का चालावं? व्हीएनआयटीसारख्या संस्थेचं नाव शुल्कावर उभं नाही. माझा वाद फक्त शुल्कातून येणाऱ्या नावाशी आहे. जाहिरातीतलं ‘सर्वोच्च पॅकेज’ एका मुलाचं असतं. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी दिलेल्या माहितीत संस्थेला किती मुलं नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती हे लिहावं लागतं. ती पीडीएफ संस्थेच्या संकेतस्थळावर कुठेतरी तळाशी असते. दोन्ही ठिकाणच्या पीडीएफ शेजारीशेजारी ठेवल्या तर अर्धा वाद तिथेच मिटतो, आणि कधी कधी तो महागड्या बाजूनेही मिटतो.

दीक्षाभूमीच्या शहरात एक आक्षेप हमखास येतो: बाबासाहेबांनी कर्ज काढून लंडन गाठलंच ना? गाठलं, पण क्रम पाहावा. १९१३ साली ते कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याचा करार. पुढे लंडनला सुरू केलेला अभ्यास शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. बडोद्यात नोकरी मिळाली, राहायला घर मिळालं नाही, आणि ती नोकरी सोडावी लागली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज हाताशी होतं. कर्ज आलं ते शेवटच्या टप्प्यावर, एक विद्यापीठ शिष्यवृत्तीवर पूर्ण करून, पगार कमावल्यानंतर, आणि तेही मित्राकडून. शिष्यवृत्तीलाही मुदत आणि अटी असतात, हेही याच कथेत दिसतं. खाजगी विद्यापीठं आज ‘शंभर टक्के स्कॉलरशिप’ देतात तेव्हा ती पुष्कळदा पहिल्या वर्षापुरती असते, पुढे ठरावीक सीजीपीए राखला तर. सवलत शिक्षण शुल्कावर की वसतिगृह-मेससकट, एका सत्रात गुण घसरले तर ती कायमची जाते की पुन्हा मिळते, दरवर्षीची शुल्कवाढ कोणाच्या अंगावर, हे सगळं प्रवेश कक्षाकडून लेखी मागावं. फोनवरचा समुपदेशक ‘काळजी करू नका सर’ म्हणतो, त्याला कागदाची किंमत नसते. ते उत्तर ई-मेलवर येईपर्यंत कॅपची जागा सोडू नये.