एकमताचे गाव की हक्काचे गाव?

पारनेर म्हटले की महाराष्ट्राला राळेगणसिद्धी आठवते. पर्जन्यछायेतला हा दुष्काळी तालुका. १९७५ साली लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने राळेगणच्या गावकऱ्यांनी श्रमदान केले, नालाबांध घातले, पाझर तलाव दुरुस्त केले, शिवारातले पाणी शिवारात जिरवले. दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. हे काम खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. गावकरी एकत्र आले तर पाणी, आरोग्य आणि शेती यांचे चित्र पालटू शकते, हे राळेगणने दाखवून दिले. प्रश्न वेगळाच आहे. हे गाव चालले कोणाच्या मताने?

दारू पिणाऱ्यांना देवळाजवळच्या खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने मारले, हे हजारे यांनी स्वतःच सांगितलेले आहे. दारू वाईट हे आम्हालाही मान्य आहे. दारूने सर्वांत जास्त संसार आमच्याच वस्त्यांतले मोडले. पण खांबाला बांधून मारणे हा कोणत्या कायद्यातला न्याय? गावाने श्रमदानाने दलित कुटुंबांची जमीन कसली आणि त्यांचे कर्ज फेडले, ही गोष्टही अभिमानाने सांगितली जाते. मदत झाली, चांगले झाले. परंतु मुकुल शर्मा यांनी २००६ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये राळेगणवर जो अभ्यास मांडला, त्यात दलितांनी मांसाहार सोडून गावाच्या चालीरीती पत्करल्याचेही चित्र आहे. गावाने त्यांना सामावून घेतले, पण स्वतःच्या अटींवर! ज्याच्या ताटातले गाव ठरवते, त्याला गावाने नागरिक मानले असे कसे म्हणावे? उपकाराखाली वाकलेली मान ग्रामसभेत वर होत नाही.

हाच धागा पुढे 'बिनविरोध'पर्यंत जातो. २०२० च्या अखेरीस पारनेरच्या तत्कालीन आमदारांनी ग्रामपंचायत निवडणूक बिनविरोध करणाऱ्या गावांना २५ लाखांचा विकासनिधी देण्याची घोषणा केली होती. राळेगणसिद्धीतही बिनविरोधाचे प्रयत्न झाले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये तेथे मतदान झालेच. आम्ही म्हणतो, बरे झाले! बिनविरोध म्हणजे काय? पारावर बसलेल्या चार घरांनी नावे ठरवायची आणि वस्तीने मान डोलवायची. विकासनिधी हा जनतेचा पैसा आहे. मताचा हक्क गुंडाळून ठेवल्याबद्दल तो बक्षीस म्हणून वाटायचा नसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे ओळखून होते. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व नसेल तर या पंचायतींना आपला विरोध राहील, असे ठणकावले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी गावाचा खोटा गौरव साफ नाकारला आणि व्यक्ती हाच संविधानाचा घटक मानला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी विभूतिपूजेचा धोका सांगितला. एका थोर माणसाच्या सचोटीवर उभे राहिलेले गाव त्या माणसानंतर कोणाच्या आधारे उभे राहणार? कायद्याच्या आधारे उभी राहिलेली वस्ती मात्र कोणाच्या मर्जीवर जगत नाही.

म्हणून वस्तीने स्वतः संघटित झाले पाहिजे, आणि तेही कागद हातात घेऊन. वकिली करताना आम्ही पुन्हा पुन्हा एकच अनुभव घेतो. कार्यकर्ते येतात ते ठराव होऊन गेल्यावर. नक्कल पाहिली की कळते, ठराव तहकूब सभेत झालेला आहे. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. वस्ती पहिल्या सभेला गेली नाही की दुसऱ्या सभेत मोजक्या माणसांत गावाचा निकाल लागतो. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती आपल्या गावात खरोखर होते की फक्त इतिवृत्तात होते, हे आमच्या भगिनींनी विचारले पाहिजे.

विचारायचे ते असे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. गेल्या तीन वर्षांत ती कोणत्या कामावर खर्ची पडली? वस्तीच्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची तपासणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर झाली काय? टीसीएल पावडर पाण्यात पडते की गोदामात पडून राहते? ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर वस्तीतले कोण आहे? उपकेंद्रात नर्सताई कोणत्या दिवशी असतात? २०२१ च्या कोरोना लाटेत भाळवणीला हजाराहून अधिक खाटांचे केंद्र उभे राहिले आणि त्याचे देशभर कौतुक झाले. पण साथ सरल्यावर माणसाला लागते ते त्याच्या गावचे उपकेंद्र, आणि तिथल्या रिकाम्या जागा कौतुकाने भरत नाहीत.

सुपे औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या गावांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार मंजूर औद्योगिक वसाहतीतील प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट मिळू शकते. म्हणजे तुमच्या शेजारी काय येते आहे, हे तुम्हाला कोणी विचारायला येईलच असे नाही. तेव्हा आपणच विचारायचे. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आणि त्यातील सांडपाण्याच्या अटी मागता येतात. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. स्वच्छ पाणी व हवा हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सांगितलेले आहे.

हे सारे लिहिणे सोपे आणि करणे कठीण, याची आम्हाला जाणीव आहे. याच जिल्ह्यात २०१३ ला सोनई आणि २०१४ ला खर्डा घडले. ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशी त्याच गावात मजुरीला जायचे असते. म्हणूनच एकट्याने उठू नये. अर्जावर वीस सह्या असाव्यात, सभेला वीस घरे असावीत, पोच पावती बुद्धविहारातल्या फाईलमध्ये असावी. विहारात वंदना झाल्यावर महिन्यातून एक तास या फाईलसाठी काढा.

महाडला १९२७ साली बाबासाहेब तहान भागवायला गेले नव्हते. पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध करायला गेले होते. येत्या ग्रामसभेला जाताना एवढे ध्यानात असू द्या. मागायला नाही, हिशेब घ्यायला जा!

जयभीम!