जन्माचा हिशेब फक्त गरिबाला

मूल जन्माला घालावे की नाही हा नीतीचा प्रश्न आहे, हे मान्यच. परंतु तो नेहमी गरिबालाच का विचारला जातो? माल्थसने १८०३ च्या आवृत्तीत लिहिले होते की, ज्याच्या श्रमाची समाजाला गरज नाही त्याचे पान निसर्गाच्या पंगतीत मांडलेले नसते. पुढे त्याने तो मजकूर गाळला. आपल्या राज्यकर्त्यांनी विचार तेवढा उचलला. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. सक्ती मात्र दुसऱ्या दाराने आत आली. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले की ग्रामपंचायतीचे सदस्यत्व गेले! आमदार-खासदारांना ही अट नाही.

धुळे-नंदुरबारचे आदिवासी मजूर ऊसतोडीला बारडोलीकडे जातात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’. फडात खेळणारे मूल कोणत्याच हिशेबात नाही. अशा संसारात मूल आणणे ही क्रूरता आहे, असे सुशिक्षित मंडळी सांगतात. त्या मुलाची उपासमार त्याच्या जन्मातून येते की आईबापांच्या मजुरीच्या दरातून, हे मात्र ती विचारीत नाहीत.

आता सुखवस्तू खानदेश पाहावा. केळीच्या आणि सोन्याच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ८८० मुली होत्या. २०११ साली ८४२ उरल्या. शेजारच्या दरिद्री नंदुरबारमध्ये त्या ९४४ होत्या. गर्भलिंगचाचणीवर बंदी घालणारे महाराष्ट्र हे १९८८ साली देशातले पहिले राज्य, तरी ही अवस्था. दोष एकट्या अपत्यांच्या अटीचा नाही. हुंडा आहे, जमिनीची वाटणी आहे. परंतु ‘दोनच हवीत’ आणि ‘त्यांत मुलगा हवाच’ या दोन हुकमांची बेरीज मुलीच्याच मुळावर येते.

याचा अर्थ समाजवाद्यांनी पाळण्यांची संख्या वाढवावी असा नव्हे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते स्त्रीच्या हाती निर्णय यावा म्हणून. तो निर्णय स्त्री घेऊ लागली आहे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ पर्यंत उतरला होता. मग सरपंचाच्या डोक्यावर काठी कशासाठी? ओडिशातल्या एका आदिवासी सरपंचाने पहिले मूल दत्तक दिले होते. तरीही पद वाचत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला.